पुसलेली काच आणि बंद खात्याचा चेक

आधी आकडे सांगतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. एका ठेकेदारासाठी केलेलं काचसफाईचं काम १,०२,६०० रुपयांचं. हातात आले १५,०००. मग ८०,००० चा चेक मिळाला, तो परत आला, मेमोवर कारण ‘खाते बंद’. रोख खर्चातले माझे ४३,६३० रुपये बुडाले, त्यात माझी स्वतःची मेहनत धरलेलीच नाही. हे लिहिताना लाज वाटते. घरीसुद्धा खरी रक्कम बरेच दिवस सांगितली नव्हती. पण हा ठेकेदार अजून याच पट्ट्यात फिरतोय आणि काचसफाईवाले, डीप क्लीनिंगवाले, पेस्ट कंट्रोलवाले अशा छोट्या लोकांनाच गाठतोय. म्हणून लिहितोय.

माझं काचसफाईचं काम पुण्यात, बाणेर, बालेवाडी, औंध, पाषाण भागात. दुकानं, क्लिनिक, शोरूम, थोडे बंगले, सगळ्यांचं महिन्याचं ठरलेलं. गिऱ्हाइकं पैसे कसे टाळतात हे मला कोणी शिकवायला नको. ‘पुढच्या वेळी दोन्हीचे एकदम देतो’ म्हणणारे, बेल वाजवली की आतला दिवा घालवणारे, मागच्या महिन्याचा स्क्रीनशॉट दाखवून ‘पाठवले की’ म्हणणारे, सगळे पाहिलेत. (स्क्रीनशॉट कधीच मानू नका. आपल्या खात्यात जमा दिसलं तरच पैसे आले.) ‘लष्करातून बोलतोय, क्वार्टरच्या काचा करायच्यात, क्यूआर स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स येईल’ असा फोन मलाही आला होता, मी तो तिथेच ठेवला. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एवढं मला कळतं. तेव्हा ‘शिकलेला माणूस असून फसलास कसा’ असं मला कोणी ऐकवू नये. हा माणूस त्या जातीचा नव्हताच. तो समोर येऊन चहा पाजणारा होता.

फोन आला तो ओळखीच्या हार्डवेअरवाल्याचं नाव सांगून. आपण फॅसिलिटीचे, म्हणजे इमारतींच्या देखभालीचे, ठेकेदार आहोत, चार-पाच साइट आहेत, माणसं कमी पडतात, असं म्हणाला. पहिलं काम दिलं तळमजल्यावरच्या एका शोरूमचं, ४,२०० रुपये. संध्याकाळी पोरं बादल्या गाडीत ठेवत होती तेव्हाच पैसे खात्यात. दुसरं काम ७,८०० चं, तेही लगेच मिळाले. मला वाटलं, पैशाला सरळ माणूस मिळाला. आज कळतंय की ते १२,००० म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. छोटी बिलं वेळेवर देणारा माणूस मोठं बिलही देईलच, असं अजिबात धरून चालू नका.

मग एप्रिल २०२५ मध्ये मोठं काम. सहा मजली नवी कमर्शियल इमारत, ताबा द्यायची घाई, दर्शनी बाजूच्या सगळ्या काचा. मोजमाप ११,४०० चौरस फूट, दर ९ रुपये. नव्या बांधकामाची काच म्हणजे काय ते आपल्या लाइनमधल्यांना माहीत आहे: सिमेंटचे शिंतोडे, पेंटचे ठिपके, फ्रेमवरच्या टेपचा गोंद, सिलिकॉनचे थर, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. ९ रुपये हा त्यासाठी जास्त दर नव्हे. १५,००० ॲडव्हान्स त्याने लगेच टाकला, बाकी काम संपल्यावर. वर्क ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली, लेटरहेडवर, जीएसटी नंबरसकट.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडते ती सांगतो.

पहिल्या दिवशी रोपवाल्यांना, म्हणजे उंचावर दोरावरच्या कामाच्या लोकांना, घेऊन गच्चीवर गेलो. दोर कुठे बांधायचा ते बघायला टाकीच्या पिलरपाशी वाकलो, तर पिलरच्या प्लास्टरवर दोर घासल्याचे ताजे वळ. शेजारी एक फाटका स्क्रब पॅड आणि केमिकलचा रिकामा कॅन पडलेला. खाली डोकावून पाहिलं तर सहाव्या मजल्याच्या काचा बऱ्यापैकी साफ होत्या, फक्त कडेला रबराच्या पट्टीजवळ साबणाचे वाळलेले ओघळ. म्हणजे कोणीतरी आमच्या आधी दोरीवरून उतरून एक मजला करून गेलं होतं आणि अर्धवट टाकून गेलं होतं. अर्ध्यात काम कोण टाकतं? ज्याला पैसे मिळत नाहीत तो.

खाली गेटवर सही करताना रजिस्टरचं मागचं पान उलटलं. ‘काच सफाई’, दुसऱ्याच कोणाची नावं, रोजच्या नोंदी, आणि मग एकदम बंद. वॉचमनमामा म्हणाले, ‘तुम्ही बी काचवालेच का? आधीच्यांचं पैशावरनं वाजलं होतं शेठशी.’

मी त्याच मिनिटाला ठेकेदाराला फोन लावला. गप्प बसलो नाही, हे मुद्दाम सांगतो. तो हसून म्हणाला, ‘अहो दादा, ती पोरं पिऊन यायची. काच ओरबाडली त्यांनी. हाकलून दिलं. म्हणून तर तुमच्यासारखा व्यवस्थित माणूस शोधला ना!’ आता मला सांगा, यावर कोण विश्वास ठेवणार नाही? आपल्या लाइनमध्ये अशी पोरं असतात. कोरडं ब्लेड मारून टफन्ड काचेची वाट लावणारे मी स्वतः पाहिलेत. शिवाय रोपवाले आलेले, टेम्पो उतरलेला, ॲडव्हान्स खात्यात. माझ्या जागी कोणीही कामाला हात घातलाच असता. पण ते वाक्य आता कानातून जात नाही. आधीच्या सफाईवाल्याला शिव्या घालणारा ठेकेदार पुढच्या महिन्यात त्याच शिव्या तुमच्या नावाने घालतो. माझ्या नावाने घातल्याच. माझ्यानंतर लॉबीच्या फरशीसाठी आलेल्याला त्याने सांगितलं की काचवाल्याने काम बिघडवलं.

काम आम्ही चोख केलं. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या काचेवर केमिकल लावलं की पुसायच्या आत वाळतं, म्हणून पोरं उजाडायच्या आधी दोरीवर चढायची. साइट सुपरवायझरने बघून ‘ओके’ म्हटलं. लिहून दिलं नाही. खर्च असा: रोपवाले ३२,०००, माझ्या पोरांची मजुरी १८,५००, केमिकल-ब्लेड-पॅड ५,७३०, टेम्पो २,४००. मजुरी मी भिशीच्या पैशातून दिली. माझी पोरं माझ्या शब्दावर सहाव्या मजल्यावरून लोंबकळली होती, त्यांना ‘मालक पैसे देत नाही’ हे ऐकवायची माझी तयारी नव्हती.

त्यानंतरचं सगळ्यांना तोंडपाठ असेल. बिल मंजुरीला गेलंय. अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत. बिल्डरकडून आले की लगेच. मग अचानक ‘काचांवर ओरखडे आहेत’. ते ओरखडे आधीचे होते, आणि माझ्याकडे काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो होते म्हणून तिथे त्याची बोलती बंद झाली. (प्रत्येक काचेचा आधी फोटो. कंटाळा करू नका. गेटच्या रजिस्टरमधल्या आपल्या नोंदीचाही रोज काढा, नंतर ते रजिस्टर तुम्हाला कोणी दाखवत नाही.) शेवटी १,०२,६०० मधून ॲडव्हान्स वजा, एक टक्का टीडीएस म्हणून १,०२६ वजा, राहिले ८६,५७४. त्यातले ६,५७४ ‘डॅमेज’ म्हणून कापून ८०,००० चा पुढल्या तारखेचा चेक हातावर ठेवला. भांडून कंटाळलो होतो, निदान एवढे तरी सुटतील म्हणून घेतला. टीडीएस भरलाच नव्हता. माझ्या २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेला कर दाखवणाऱ्या आयकराच्या तक्त्यात, त्याच्याकडून एक पैसा दिसत नाही. चेकवर फर्मचं नाव वेगळं, वर्क ऑर्डरवर वेगळं. विचारलं तर ‘आपलीच सिस्टर फर्म आहे’. बांधकामाच्या धंद्यात असं सर्रास चालतं, हे खरंच आहे. जीएसटी नंबर नंतर पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. तो शोध फुकट आहे, लॉगिन लागत नाही, दोन मिनिटांत होतो. हे काम ऑर्डर घेण्याआधी करा.

चेक परत आला आणि बँकेने वर माझ्याच खात्यातून १७७ रुपये कापले. ज्याने खोटा चेक दिला तो मोकळा, दंड मला.

पोलीस ठाण्यात गेलो. मोठ्या आशेने गेलो, सगळे कागद फाइलमध्ये लावून. अंमलदारांनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाले, ‘पंधरा हजार दिले ना त्याने? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ मी म्हटलं, साहेब, खातं बंद करून चेक दिलाय, पैसे द्यायचा विचारच नव्हता. तर म्हणाले, ‘खातं आधी बंद केलं की चेक दिल्यावर, ते सिद्ध करा.’ बरोबर, तेच सिद्ध करायचं होतं. बँकेत गेलो. बँक म्हणते, ग्राहकाची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेलो. पोलीस म्हणतात, गुन्हा नोंद असल्याशिवाय पत्र देता येत नाही. आणि गुन्हा का नोंदत नाही? कारण खातं कधी बंद झालं त्याचा पुरावा नाही! एका तारखेसाठी मला असं गोल गोल फिरवलं. ती तारीख बँकेच्या कॉम्प्युटरवर एका क्लिकच्या अंतरावर आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलीय. लिहिलीय, पण ती वापरायची कोणी? नुसता अर्ज घेतला, आणि त्या अर्जावर पोच मिळवायलाही मला तिथे उभं राहून भांडावं लागलं. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. गुन्हा घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली तोच अर्ज टपालाने वरिष्ठांना पाठवता येतो, नंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, वकिलाला पैसे मोजल्यावर कळलं.

बिल्डरच्या साइट ऑफिसात गेलो तर, ‘आम्ही त्याला पूर्ण पेमेंट केलंय, तुमचा आमचा संबंध काय?’ म्हणजे माझ्या पोरांनी पुसलेल्या काचेचे पैसे त्याला मिळाले, त्याने खिशात घातले. पेमेंटचा कागद दाखवा म्हटलं, तर वॉचमनला बोलावलं मला बाहेर काढायला.

लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी माझी पहिल्यापासून आहे, म्हणून अशा उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवरही तक्रार टाकली. कायदा ऐकायला फार गोड आहे. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि या तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा. ते ९० दिवस केव्हाच उलटले. त्याच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत आली. ‘दुसरा पत्ता द्या’ असं मलाच सांगितलं. मी काचा पुसू की त्याचे पत्ते शोधत फिरू? पत्ते शोधायला यंत्रणा कोणाकडे आहे, माझ्याकडे की सरकारकडे?

त्यातल्या त्यात चालणारा रस्ता म्हणजे चेकची केस, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८. मुदती पाठ करा, वकिलाच्या भरवशावर राहू नका. चेक तारखेपासून तीन महिन्यांत भरायचा. परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस. तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीची मुदत हुकली की कोर्टाला कारण पटवत बसा, नोटिशीची हुकली तर तीही सोय नाही. तो या काळात गोड बोलून दिवस घालवतो, ‘चेक परत टाका दादा, या वेळी नक्की’ म्हणतो, ते त्यासाठीच. खातं बंद असलं तरी हे कलम लागतं. केस आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, त्याच्या गावाला जावं लागत नाही. नोटिशीचे ३,५०० आणि केसचे १५,००० वकिलाने आधी घेतले. २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, म्हणजे माझ्या बाबतीत फार तर १६,०००, पण तीही आरोपी हजर झाला आणि त्याने गुन्हा नाकारला की. आमचा आरोपी अजून समन्सलाच सापडत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र त्याचे नव्या साइटचे स्टेटस दिसतात. ते मी पोलिसांना दाखवले. ‘बघतो’ म्हणाले.

दुकानदाराला विकलेला माल उचलून आणता येतो. पुसलेली काच आपल्याला परत मळवता येत नाही. म्हणून आता मी मोठं काम मजल्यामजल्याने घेतो. दोन मजल्यांचे पैसे जमा झाले की दोर पुढच्या मजल्याला उतरतो, नाहीतर सामान गाडीत. रोपवाल्यांचा खर्च पूर्ण ॲडव्हान्समध्ये, तो घासाघीस न करता. आणि ऑर्डर, चेक, जीएसटी या तिन्हींवर एकच नाव नसेल तर काम नाही, समोरचा कितीही रुसला तरी.

गेटच्या रजिस्टरमधल्या नावांवरून आमच्या आधीचा काचवाला मी शोधून काढला. त्याचे ३१,००० अडकलेत. फरशीवाल्याचे २२,५००. दोघांनाही विनवलं की एकत्र अर्ज देऊ, कारण एकट्याचा अर्ज म्हणजे ‘दिवाणी मामला’, पण तिघांना एकाच पद्धतीने बुडवलं असेल तर पहिल्यापासून फसवायचंच होतं हे दिसतं. एक म्हणतो, कुठे कोर्टकचेरी करता. दुसरा तयार आहे, पण त्याच्याकडे चेकही नाही आणि मेसेजही त्याने डिलीट केलेत. पाषाण-सूस-बालेवाडी भागात ‘आधीची पोरं पिऊन यायची’ असं सांगून ज्याला ज्याला काम दिलं गेलं असेल, त्यांनी आपल्या ऑर्डरची आणि बुडालेल्या रकमेची एक-एक प्रत काढून ठेवा. वकील म्हणाले, आणखी दोन अर्ज आले तरी ते मॅजिस्ट्रेटपुढे ठेवतील.