शेतमाल तारण कर्ज योजना: सोयाबीन १८० दिवस थांबवणं परवडतं का?

दसरा ते दिवाळी या काळात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर भागातलं सोयाबीन एकदम बाजारात उतरतं, आणि वर्षातला सगळ्यात दबलेला दर बहुतेक वेळा त्याच तीन-चार आठवड्यांत असतो. मळणीचे पैसे, मजुरी, पूर्वहंगामी उसाची लागण, सगळं तेव्हाच येऊन पडतं. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना याच अडचणीसाठी १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. योजना चांगली आहे आणि आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त शेतकऱ्यांनी वापरावी अशी आहे. फक्त त्यातून वेळ मिळतो, वाढीव दराची हमी मिळत नाही, हे धरूनच हिशेब करायला हवा.

माल समितीच्या गोदामात ठेवायचा आणि सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. किंमत धरताना चालू बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी असेल तो धरतात. व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. मुदत उलटली की पुढच्या सहा महिन्यांना ८ टक्के, त्यानंतर १२ टक्के. योजना फक्त उत्पादक शेतकऱ्यासाठी आहे, व्यापाऱ्याचा माल घेत नाहीत. म्हणून सातबाऱ्यावर त्या हंगामाचं सोयाबीन दिसलं पाहिजे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, राहिली असेल तर इथंच काम अडतं, आणि ऑक्टोबरमध्ये ते दुरुस्त करायला वेळ नसतो.

आता आकडे. समजा २० क्विंटल माल आहे आणि बाजारभाव ४,३०० रुपये. ७५ टक्क्यांनी क्विंटलला ३,२२५, म्हणजे ६४,५०० रुपये हातात. १८० दिवसांचं व्याज साधारण १,९०८ रुपये, क्विंटलमागे ९५. खासगी सावकारीशी तुलनाच नको, पीक कर्ज सोडलं तर इतकं स्वस्त पैसे मिळण्याची दुसरी सोय गावात सहसा नसते. पण व्याज हा अर्धाच खर्च. १२ टक्के ओलाव्याचं सोयाबीन गोदामात १० टक्क्यांवर आलं तर २० क्विंटलचे १९ क्विंटल ५६ किलो होतात. ४४ किलो घट, म्हणजे पुन्हा क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये. त्यावर दोनदा हमाली, वाहतूक, बारदान. सगळं धरून दर निदान अडीचशे रुपयांनी वाढला तरच आपण मूळ जागेवर. ४,३०० चे ४,४५० झाले म्हणून खूश होणारा प्रत्यक्षात तोट्यात असतो.

घटीवरून गोदामात वाद होतात, आणि ते आधीच टाळता येतात. माल खळ्यावरच १० टक्क्यांपर्यंत वाळवून, चाळण मारून न्यावा. परतीच्या पावसात भिजलेलं, डागी सोयाबीन चांगल्यात मिसळू नये; सहा महिन्यांत ते आतून तापतं, दाणा लालसर पडतो, तेलातली आम्लता वाढते आणि अख्ख्या थप्पीची प्रत उतरते. तसला माल लगेच विकलेला बरा. पावतीवर वजन, पोत्यांची संख्या, ओलावा आणि प्रत या चारही नोंदी असल्याशिवाय सही करू नये. विम्याचं काय आहे तेही तेव्हाच विचारावं. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी असावी. आणखी एक, सगळा माल एका पावतीवर न ठेवता दहा-दहा क्विंटलच्या दोन पावत्या मागाव्यात, म्हणजे निम्मा माल सोडवून विकता येतो.

हे झालं गोदामाचं. खरा प्रश्न, या १८० दिवसांत दर कशानं हलणार?

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून बातमी फिरते, ‘कॅनडात कॅनोला भडकला, आता सोयाबीन वाढणार.’ यात तथ्य आहे, पण अपुरं. कॅनोला म्हणजे मोहरीच्या कुळातलं, कमी इरुसिक आम्लाचं (मोहरीच्या तेलातला एक घटक) तेलबी. कॅनडा त्याचा सगळ्यात मोठा निर्यातदार. त्याच्या १०० किलो बियांतून ४२ ते ४४ किलो तेल निघतं, म्हणून त्याचा दर तेलावर नाचतो. सोयाबीनच्या १०० किलोंतून तेल १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. म्हणजे तेल महागलं तर कॅनोला उसळतो, सोयाबीन थोडं सरकतं. पेंड पडली तर मात्र तेलाची तेजी सोयाबीनला वाचवत नाही. अलीकडे झालं ते हेच. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात स्वस्तात जाऊ लागला आणि सोयापेंडीची मागणी खाल्ली. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या माणसाला इथेनॉल म्हणजे ऊसबिल एवढंच दिसतं, पण त्याचा दुसरा हात सोयाबीनच्या दरावर आहे.

कॅनोला किती अस्थिर असतो ते दोन घटनांत दिसतं. २०२१ च्या दुष्काळात कॅनडाचं पीक कोसळलं आणि वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा दर, टनाला १,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेला. मार्च २०२५ मध्ये चीननं कॅनडाच्या कॅनोला तेलावर आणि पेंडीवर १०० टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये बियांवर ७५.८ टक्के अनामत बसवली, जी आयातदारानं भरायची. एकदा पावसानं, एकदा सरकारी कागदानं. आपल्याकडे तर कागदाचाच जोर जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं, मे २०२५ अखेर ते १६.५ वर आणलं. देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे शुल्क आणि डॉलरचा भाव हे दोन आकडे कॅनडाच्या हवामानाआधी पाहावेत.

वायदा पाहून अंदाज बांधायची सोयही सध्या मर्यादित आहे. शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. उरतो अमेरिकेतला शिकागोचा वायदे बाजार. तिथला दर बुशेल या मापाला सेंटमध्ये असतो, त्याला ०.३६७ नं गुणलं की टनाला डॉलर मिळतात. १,००० सेंट म्हणजे ३६७ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर क्विंटलला साधारण ३,२३० रुपये. आपला दर याच्या वर असतो, पण दिशा तिथून कळते.

ऑक्टोबरच्या मध्याला माल ठेवला तर मुदत एप्रिलच्या मध्याला संपते. डिसेंबर-जानेवारीत ब्राझील-अर्जेंटिनात पाऊस लांबला की जगभर तेजी येते. शिवाय तेव्हा मलेशियात पामतेलाचं उत्पादन हंगामानुसार कमी असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझीलचं सोयाबीन आणि राजस्थानची मोहरी एकाच वेळी येते, तेव्हा मोठ्या तेजीची आशा धरू नये. म्हणून पहिली पावती जानेवारीत सोडवायची आणि दक्षिण अमेरिकेत पीक खराब असल्याची पक्की खबर असेल तरच दुसरी मार्चपर्यंत ओढायची, हे आमचं मत. दर पाहताना पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचा ‘सर्वसाधारण दर’ बघा. ‘जास्तीत जास्त’ दर दोन-चार बियाण्याजोग्या पोत्यांचा असू शकतो.

योजनेची उणीव म्हणजे ती सगळीकडे सारखी मिळत नाही. गोदामात जागा आणि कर्जाला निधी आहे का, हे समितीत मळणीआधीच विचारलं पाहिजे. जागा नसेल तर राज्य वखार महामंडळाच्या गोदामाची पावती तारण ठेवून बँकेचं कर्ज हा पर्याय आहे, पण तिथं भाडं आणि व्याज दोन्ही नव्यानं मांडावं लागतं.

आणि हमीभाव खरेदी केंद्र चालू असेल तर आधी तिथं नोंदणी. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि वरच्या उदाहरणातला बाजार ४,३०० चा. एवढं अंतर सहा महिने थांबून भरून निघेल यावर पैसे लावू नयेत. केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट आणि हेक्टरी मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेर उरलेला, चांगला वाळलेला माल तेवढा तारणाला न्यावा.