गडकिल्ल्यांच्या व्हिडिओंना लायसन्सचं संगीत: वर्षभर वापरून झाल्यावर

माझं चॅनल गडवाटांचं. बोलणं कमी, चालणं जास्त, त्यामुळे मागे संगीत लागतंच. गेल्या पावसाळ्यापासून दोन ठिकाणचं वापरतोय: यूट्यूब स्टुडिओतली फुकटची ऑडिओ लायब्ररी आणि वर्गणी भरून घेतलेली एक परदेशी सेवा. लायसन्स घेतलं की कॉपीराइट क्लेम (‘हे संगीत आमचं’ असा व्हिडिओवरचा दावा) येतच नाही, अशा समजुतीने कोणी पैसे भरणार असेल तर थांबा. क्लेम येतो. लायसन्समुळे तो उडवता येतो, एवढंच.

आधी फुकटची लायब्ररी. तिच्यातल्या ट्रॅकवर मला आजवर काही त्रास नाही. फक्त लायसन्सचा रकाना बघायचा. काही ट्रॅक क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठराविक अटींवर वापरायला मोकळे ठेवलेले असतात, त्यांचं श्रेय डिस्क्रिप्शनमध्ये द्यावंच लागतं. श्रेय नको असलेले वेगळे गाळून घेता येतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत बाहेरून उचलणार असाल तर मात्र अक्षरं नीट वाचा. ‘एनसी’ म्हणजे कमाईसाठी नाही, आणि ‘एनडी’ (बदल करायला मनाई) असेल तर व्हिडिओखाली लावणंच परवानगीबाहेर, कारण चित्राशी जुळवलेलं संगीत त्या लायसन्सच्या हिशेबात रूपांतर ठरतं. हे दुसरं बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

वर्गणीच्या सेवेत निवड मोठी आणि दर्जा चांगला. तरी एका व्हिडिओवर क्लेम आला, तोही भलत्याच कंपनीचा. झालं असं की कुणीतरी तोच ट्रॅक खाली घेऊन त्यावर स्वतःचं गाणं केलं आणि ते कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेत नोंदवलं. ती यंत्रणा फक्त जुळणी बघते, कुणाकडे परवाना आहे ते तिला दिसत नाही. मी लायसन्सचा मजकूर आणि डाउनलोडची तारीख जोडून डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत टाकली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. पहिल्या ५ दिवसांत डिस्प्यूट टाकला तर क्लेम आल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला राहते, नंतर टाकला तर टाकल्या दिवसापासूनची. म्हणून ‘बघू रविवारी’ म्हणू नका. क्लेम सुटला. क्लेम म्हणजे स्ट्राइक (हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद) नव्हे, हेही लक्षात असू द्या. ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनल जाऊ शकतं, क्लेममध्ये बहुतेक वेळा फक्त कमाई दुसरीकडे वळते किंवा व्हिडिओ अडतो.

आता अपलोड केल्यावर आधी यूट्यूबची कॉपीराइट तपासणी पूर्ण होऊ देतो, मगच व्हिडिओ सार्वजनिक करतो. वर्गणी बंद केल्यावर जुन्या व्हिडिओंचं काय, हे प्रत्येक सेवेच्या अटीत वेगळं असतं. माझ्या सेवेत वर्गणी चालू असताना टाकलेले व्हिडिओ सुरक्षित राहतात, नवीन टाकता येत नाहीत.

‘दहा सेकंदच वापरलं’, ‘आवाजाची पट्टी बदलली’, ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही असं खाली लिहिलं’ हे तीनही तोडगे सोडून द्या. आणि आरती-अभंग जुने म्हणून मोकळे, हे अर्धंच खरं. समर्थांच्या किंवा तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही, पण बाजारातल्या कॅसेटची चाल आणि ध्वनिमुद्रण वेगळं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो.

खरी अडचण सुरांची आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवर मागे युकुलेले वाजतंय, हे मलाच ऐकवेना. परदेशी लायब्ररीत ‘इंडियन’ शोधलं की सतार येते, फार तर तबला. संबळ, हलगी, तुतारी दुर्मिळ. म्हणून गावाकडच्या एका संबळवादकाकडून मानधन देऊन तासभर वाजवून घेतलं, आणि साध्या कागदावर परवानगी लिहून घेतली. त्या कागदात मुदत आणि प्रदेश स्पष्ट हवेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. व्हिडिओ तर अमेरिकेतला भाचाही बघतो. तेव्हा ‘जगभर, कायमस्वरूपी, ऑनलाइन व्हिडिओंसाठी, कमाईसह’ असं लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.

महिन्याला एखाद-दुसरा व्हिडिओ टाकणाऱ्याला वर्गणीची गरज नाही, फुकटची लायब्ररी पुरते. मी पुढच्या वर्षी वर्गणी भरणार नाही. त्या पैशात हलगीवाला बोलावायचा विचार आहे.