लाल कार्ड : दाराच्या आत भक्कम, दाराबाहेर अर्धवट

अमेरिकेत चर्चमध्ये, ग्रंथालयात, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेलं, इमिग्रेशन अधिकाऱ्याने गाठलं तर दाखवायचं हे लाल कार्ड सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटरने तयार केलंय. संस्था १९७९ची, स्थलांतरितांच्या हक्कांवर काम करणारी. कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढं. एका बाजूला बाळगणाऱ्यासाठी सूचना, दुसऱ्या बाजूला अधिकाऱ्यासाठी इंग्रजी मजकूर: मला प्रश्नांची उत्तरं द्यायची नाहीत, सही करायची नाही, कागद द्यायचे नाहीत, न्यायाधीशाने सही केलेलं वॉरंट नसेल तर घरात यायला परवानगी नाही. त्याला अमेरिकी घटनेच्या चौथ्या (झडतीपासून संरक्षण) आणि पाचव्या (गप्प राहण्याचा हक्क) दुरुस्तीचा आधार आहे. घाबरलेल्या माणसाला इंग्रजी वाक्य जुळवावं लागत नाही, यातच कार्डाचं निम्मं काम झालं. ‘हे कागद नसलेल्यांसाठी, आपल्याला काय त्याचं’ असं मराठी मंडळींत ऐकू येतं, ते चूक. या दुरुस्त्या नागरिक आणि बिगरनागरिक दोघांनाही लागू आहेत.

घरात कार्ड खरंच चोख काम करतं, पण अट एकच: दार उघडायचं नाही. आणि आपल्याकडे नेमकी इथेच गोची होते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दिवसभर घरी असतात, बेल वाजली की त्यांचा हात कडीकडे जातो. बाहेरच्याच्या जॅकेटवर ‘पोलीस’ लिहिलेलं असलं तरी तो इमिग्रेशनचा माणूस असू शकतो, हे त्यांना आधी सांगून ठेवा. भाड्याच्या घरात चार विद्यार्थी राहत असतील तर चौघांनाही कार्ड द्या, कारण तिथे राहणाऱ्या एकाने ‘या’ म्हटलं तरी निदान सामाईक जागेपुरती परवानगी मिळाल्यासारखं होतं.

कार्ड खिडकीतून दाखवा किंवा दाराखालून सरकवा, असं त्यावर लिहिलंय. पण थंड भागातल्या बऱ्याच दारांना खाली रबराची पट्टी असते, कागद जात नाही. मग खिडकीच्या काचेला इंग्रजी बाजू बाहेर करून धरा. वॉरंटही तसंच काचेला लावून दाखवायला सांगा.

ते वाचायचं कसं, हे एवढ्याशा कार्डात मावत नाही. वर कोर्टाचं नाव, खाली जज किंवा मॅजिस्ट्रेटची सही, तुमचा बरोबर पत्ता आणि तारीख असेल तर ते कोर्टाचं. वर डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी (इमिग्रेशन ज्याच्याकडे आहे ते खातं), फॉर्म क्रमांक आय-२०० किंवा आय-२०५ आणि खाली इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही असेल तर ते खात्याचं अंतर्गत वॉरंट. कार्डाची भिस्त या फरकावर आहे. तरीही ते जबरदस्तीने आत शिरले तर अंगावर जाऊ नका, वाट अडवू नका. ‘माझी संमती नाही’ एवढं मोठ्याने म्हणा आणि बॅज क्रमांक, वेळ, गाडीचा नंबर टिपून ठेवा.

दाराबाहेर मात्र हे कार्ड अर्धवट आहे. रस्त्यात अडवलं तर आधी ‘मी जाऊ शकतो का?’ हे विचारा. गाडी चालवत असाल तर लायसन्स, नोंदणी आणि विम्याचा कागद द्यावाच लागतो. आणि एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठी मोठी मेख: १८ वर्षं किंवा त्याहून मोठ्या बिगरनागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असा कायदा आहे. म्हणून लाल कार्डाच्या मागे मूळ ग्रीन कार्ड, किंवा आय-९४ची (देशात आल्याची नोंद) छापील प्रत असू द्या. कागद न देण्याचं वाक्य आपल्या स्थितीत वापरायचं की नाही, हे आधीच वकिलाला विचारून ठेवा. गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं. ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ ही थाप पुढचे जवळपास सगळे व्हिसा बंद करते. विमानतळावर तर कार्ड खिशातच राहू द्या: तिथे बॅग वॉरंटशिवाय तपासतात, आणि उत्तरं नाकारणाऱ्या व्हिसाधारकाला परत पाठवू शकतात.

आमची मुख्य तक्रार अटकेनंतरच्या भागाबद्दल आहे. ‘वकिलाशी बोलल्याशिवाय सही नको’ ही कार्डावरची सर्वांत मोलाची ओळ, कारण पुढे येणाऱ्या कागदांत स्वतःहून देश सोडण्याची किंवा सुनावणीचा हक्क सोडण्याची कबुली असू शकते. पण इमिग्रेशन कोर्टात सरकार सहसा फुकट वकील देत नाही, हे कार्डावर नाही. कॉन्सुलेटचाही उल्लेख नाही. १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६नुसार भारतीय कॉन्सुलेटला कळवण्याची मागणी करता येते. मात्र काही देशांच्या बाबतीत ही सूचना आपोआप जाते आणि त्या यादीत भारत नाही. मागितलं तरच कळवतात. ‘भारतीय कॉन्सुलेटला कळवा’ ही ओळ बॉलपेनने कार्डावर लिहून ठेवा, शेजारी घरच्यांचा आणि वकिलाचा फोन. मोबाइल काढून घेतात, म्हणून एक नंबर पाठही हवा.

घरच्यांसाठी: अटकेतल्या माणसाचा शोध आयसीईच्या (इमिग्रेशन कायद्यांची अंमलबजावणी करणारी यंत्रणा) ऑनलाइन लोकेटरवर, इमिग्रेशन खात्याने दिलेल्या, ‘ए’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाने सोपा जातो. तो नसेल तर नाव तंतोतंत लागतं, आणि आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असतं. एकदा फक्त पहिलं नाव, एकदा जोडनाव, असं दोन्ही टाकून बघा. १८ वर्षांखालच्यांची नोंद तिथे मिळत नाही.

कार्डाची फाइल संस्थेच्या साइटवर फुकट आहे. लाल जाड कागदावर, दोन्ही बाजूंनी छापा.