दुष्काळात तेरावा रिचार्ज: इंटरनेट परतावा योजना, दोन सेमिस्टरनंतर

योजना काय आहे ते इथल्या बहुतेकांना माहितीये, त्यामुळे पटकन सांगते. दिव्यांग विद्यार्थ्याने घरच्या ब्रॉडबँडचं आणि मोबाईलचं बिल आधी स्वतःच्या खिशातून भरायचं, पावती पोर्टलवर चढवायची, मग विद्यापीठ दर महिन्याच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे खात्यात टाकतं. मी दृष्टिहीन आहे, एमए करतेय, आणि दोन सेमिस्टर हे वापरतेय. पैसे येतात. रमतगमत येतात, पण येतात. हे आधीच सांगते, नाहीतर पुढची माझी चिडचिड वाचून कोणीतरी अर्जच करायचा नाही.

आता चिडचिड. माझा प्रीपेड पॅक २८ दिवसांचा. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, म्हणजे वर्षभर नंबर चालू ठेवायचा तर १३ रिचार्ज मारावे लागतात. आणि पोर्टलवर रकाने आहेत १२. एका महिन्याला एकच पावती. १ तारखेला रिचार्ज मारला की २९ ला परत मारावा लागतो, महिना तोच, आणि ती दुसरी पावती चढवायला गेलात की पहिली गुपचूप उडते आणि तिच्या जागी दुसरी बसते, एका शब्दाने विचारत नाही की बाई, आधीची ठेवायची का. मला हे कळलं ते थेट खात्यात एकाच रिचार्जचे पैसे आले तेव्हा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो पोर्टलने शब्दशः करून दाखवला, फक्त तो महिना माझ्या एकटीच्या खिशातून जातो.

विद्यापीठात ही योजना बघणाऱ्या कक्षात फोन केला. तिकडच्या मॅडम बोलायला चांगल्या आहेत, उगाच नाव ठेवणार नाही, पण संभाषण असं झालं:

"महिना एक, तर बिल एक ना हो."

"मॅडम, बिल नाहीये ते, प्रीपेड आहे. २८ दिवसांनी संपतं."

"मग पोस्टपेड घ्या ना, दर महिन्याला बिल येईल व्यवस्थित."

म्हणजे त्यांचा फॉर्म बरोबर भरला जावा म्हणून मी महागडा प्लॅन घ्यायचा. पोस्टपेडला माझ्या वापराइतका डेटा घ्यायला गेलं तर महिन्याला जास्त पडतं, वर मर्यादेपुढची रक्कम पुन्हा माझ्याकडूनच. बरं, सगळ्यात स्वस्त कोणता पॅक? वर्षाचा. तोही मी विचारून पाहिला. तर म्हणे ज्या महिन्यात पैसे भरले त्याच महिन्यात तो दाखवायचा, आणि त्या एका महिन्याची मर्यादा लागू होणार. उरलेले अकरा महिने कोरे. म्हणजे जो माणूस डोकं लावून स्वस्तात घेतो त्याला सगळ्यात कमी परत मिळणार आणि जो दर महिन्याला महाग भरतो त्याला पूर्ण. हा हिशोब ज्याने कोणी बसवला त्याने आयुष्यात स्वतःच्या पैशाने रिचार्ज मारला नसणार असं माझं प्रामाणिक मत आहे.

घरचे म्हणतात एका रिचार्जसाठी किती डोकं खाशील. रक्कम मोठी नाहीये, मान्य. पण तो रिचार्ज मी भरलाय, २८ दिवस त्याच्यावर अभ्यास केलाय, आणि पोर्टलच्या मते तो कुठल्याच महिन्यात झाला नाही.

दुसरं, लोकांचा एक गैरसमज आहे आणि कक्षातल्या लोकांचाही आहे, की स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लागतो म्हणून आम्हाला जास्त नेट लागतं. स्क्रीन रीडरला नेट लागत नाही हो. मी एनव्हीडीए वापरते, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन मुलांनी सुरू केलेलं, फुकट आहे, आणि त्याचा तो रोबोटासारखा आवाज माझ्याच लॅपटॉपवर तयार होतो, वायफाय बंद करून दिवसभर चालवा. डेटा जातो तो दुसरीकडेच. शिक्षक पुस्तकाची पानं मोबाईलने फोटो काढून पीडीएफ करून पाठवतात, ती एनव्हीडीएला दिली की नुसतं "ग्राफिक" म्हणतो, पुढचं पान, "ग्राफिक", चाळीस पानांचं प्रकरण आणि चाळीस वेळा तेच. मग ती सगळी पानं वर सर्व्हरवर चढवा, अक्षरं ओळखून घ्या, परत खाली उतरवा. त्याऐवजी नीट मजकूर असलेलं पुस्तक दिलं असतं तर अख्खं पुस्तक दोन-चार एमबीत मावतं. ऑडिओ पुस्तक घेतलं तर साध्या ६४ केबीपीएसला तासाला साधारण २९ एमबी, दहा तासांचं पुस्तक झालं की तीनशेच्या घरात. आणि ते मिळत असेल तर नशीब. २०१३ च्या मराकेश करारामुळे आमच्यासाठी वाचता येतील अशा प्रती करायला आणि एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायला कॉपीराइटची अडचण कमी झाली हे खरं, पण नेमलेलं पुस्तक त्यात नसेल तर परत फोटो आणि परत "ग्राफिक".

माझी एक कर्णबधिर मैत्रीण आहे, तिचं तर याहून वेगळं. तिचा दुभाषी ऑनलाइन असतो, लेक्चर एका खिडकीत आणि दुभाषी दुसऱ्या खिडकीत. आपल्याला व्हिडिओ अडखळला तरी आवाज येत राहतो आणि काम भागतं, तिला तसं नाही, चित्र थांबलं की वाक्यच थांबलं. मी एकदा तिच्या शेजारी बसले होते, ती टेबलावर हात आपटून म्हणाली, हात अर्ध्यात गोठला, आता तो खूण पूर्ण करून कुठे गेला ते मला कसं कळणार. आयटीयू म्हणजे दूरसंचारची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिचा १९९९ चा एक दस्तऐवज आहे, त्यात सांकेतिक भाषेसाठी सेकंदाला किमान वीसेक चित्रं हवीत असं आहे, त्याच्या खाली गेलं की बोटांच्या खुणा पुसट होतात. आणि तिला उत्तर द्यायचं तर तिचाही व्हिडिओ तेवढाच चांगला जायला हवा, म्हणजे अपलोड लागतं. घरच्या स्वस्त प्लॅनमध्ये डाउनलोडचा आकडा मोठ्या अक्षरात आणि अपलोडचा बारीक अक्षरात असतो. एचडी व्हिडिओ कॉल तासाला एक जीबीच्या आसपास खातो, दिवसाला चार लेक्चर धरा आणि महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. तिला आणि मला मर्यादा सारखीच. का तर "समानता".

तिसरं म्हणजे पोर्टलचं सेशन. फॉर्म उघडला की पंधरा मिनिटं, मग लॉगिन आपोआप तुटतं. डोळ्यांनी भरणाऱ्याला पाच मिनिटं लागत असतील. मी टॅब दाबत एकेक रकाना ऐकते, बिल क्रमांक परत पावतीत जाऊन ऐकते, अंक एकेक करून ऐकते कारण एक चुकला की सगळा अर्ज परत येतो. यातलं काहीच सर्व्हरला दिसत नाही, त्याच्या मते मी झोपलेय. मधे म्हणे एक खिडकी येते, "तुमचं सेशन संपत आहे" अशी. ती मला कधीच ऐकू आली नाही, कारण ती फक्त दिसते, स्क्रीन रीडरला तिचा पत्ताच लागत नाही. भावाने शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं की ती इतके दिवस येतच होती. मग सबमिट दाबायचं आणि लॉगिनच्या पानावर जाऊन पडायचं, भरलेलं सगळं साफ.

हे काही मी हट्टाने मागत नाहीये. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, त्यात २००८ पासून लिहिलंय की वेळेची मर्यादा असेल तर ती संपायच्या आधी सांगा, स्पेसबार दाबण्यासारख्या साध्या कृतीने वाढवता येऊ द्या, त्यासाठी किमान २० सेकंद द्या, आणि असं किमान दहा वेळा वाढवता आलं पाहिजे. आणि हे ए पातळीवर आहे, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. दिव्यांगांसाठी बनवलेल्या पोर्टलवर तीच नाहीये. मी हा नियम क्रमांकासकट, २.२.१, मेलमध्ये टाकून पाठवला. उत्तर आलं, "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे." तेही स्कॅन केलेल्या पत्राचा फोटो जोडून. ग्राफिक.

अपडेट, सुट्टीनंतर लिहितेय: वरचं सगळं लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं, आणि मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे पोर्टलवर "मसुदा जतन करा" असं बटण आलंय. बटणाला चक्क नीट नाव आहे, एनव्हीडीए ते बरोबर वाचतो, आणि परत लॉगिन केलं की भरलेलं सगळं जागेवर असतं. कोणी केलं माहीत नाही, ज्याने केलं त्याचं भलं होवो. सेशन अजून पंधरा मिनिटांचंच आहे, पण आता मी मधे चहा पिऊन येऊ शकते.

दुसरं म्हणजे मोबाईलच्या भागाबद्दल माझं मत बदललं. आधी मला वाटायचं मोबाईलचे पैसे म्हणजे वरचं लोणी, खरं काम घरच्या ब्रॉडबँडवर होतं, तेवढं दिलं तरी पुरे. मग परीक्षेच्या दिवसांत सूचनाफलकावर हॉल बदलल्याचा कागद लागला. कॅम्पसच्या वायफायला लॉगिनचं पान आहे, त्यात चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायची असतात, ते माझ्याकडून होणं शक्य नाही. मोबाईल डेटावर बी माय आइज उघडलं, ते डेन्मार्कमधल्या माणसाने काढलेलं ॲप, २०१५ पासून आहे, त्यात व्हिडिओ कॉलवर कोणीतरी अनोळखी डोळस माणूस येतो आणि कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. फोन जरा वर घ्या, डावीकडे, अजून थोडं, हां, आता स्थिर धरा. आणि त्या बाईंनी मला सगळा कागद वाचून दाखवला, शेवटच्या सहीसकट. घरचं ब्रॉडबँड तिथे काय कामाचं होतं? तेव्हा आता माझं म्हणणं असं की मोबाईलची मर्यादा आधी वाढवा, घरची नंतर बघू.

टक्केवारीचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, "घरच्या जोडणीचा शैक्षणिक वापर किती टक्के". घरात चार माणसं आहेत तर २५ लिहायचं का? मी आधी तसंच लिहीत होते आणि पाव पैसे घेत होते. नंतर मॅडमशी नीट बसून बोलले, (समोर गेलं की त्या जास्त ऐकतात, फोनवर घाईत असतात), तेव्हा कळलं की घरात कोण किती मालिका बघतं याच्याशी त्यांना काही घेणं नाही. अपंगत्वामुळे जास्तीचा किती खर्च पडतो ते हवंय. आमच्या घरी आधी सगळ्यात लहान प्लॅन होता आणि तो सगळ्यांना पुरत होता. मोठा घेतला तो माझ्या अपलोडसाठी. म्हणजे दोन प्लॅनमधला फरक पूर्ण माझा. तो फरक आकड्यात मांडून, जुन्या प्लॅनचं शेवटचं बिल आणि नव्याचं पहिलं बिल जोडून दिलं, आणि पहिल्यांदा काहीही न कापता पैसे आले. हे फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना जो डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स मिळतो तोही याच तत्त्वावर आहे, अपंगत्वामुळे होणारा जास्तीचा खर्च, घरचं उत्पन्न विचारत नाहीत आणि परत फेडायचा नाही. आपल्याकडच्या रकान्यात "टक्के" ऐवजी "फरक" विचारला असता तर अर्ध्या लोकांचे पैसे वाचले असते.

नव्याने अर्ज करताय तर काही गोष्टी. बिल कंपनीच्या ॲपमधून पीडीएफ म्हणून उतरवा, स्क्रीनशॉट काढू नका, स्क्रीनशॉट तुम्हालाच नंतर वाचता येणार नाही. जोडणी आईवडिलांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असेल तर त्यांचं एका ओळीचं संमतीपत्र पहिल्याच महिन्यात द्या, नाहीतर तीन महिन्यांनी तेच मागतात आणि तोपर्यंतचं सगळं अडकतं. पहिल्या अर्जासोबत काय-काय लागतं (दुभाषी, कॅप्शन, फोटो वाचणं, रेकॉर्डिंग) ते पानभर लिहून द्या, पुढे मर्यादेवरून वाद झाला की तेच पान कामी येतं.

आणि प्रीपेडवाल्यांनो, दोन्ही पावत्या एकाच पीडीएफमध्ये जोडा आणि रकमेच्या रकान्यात बेरीज टाका. फुकटची कितीतरी ॲप आहेत जोडायला. मी मागच्या वेळी तसं केलं, अर्ज परत आला नाहीये, मंजूरही झाला नाहीये, स्थिती "प्रलंबित" दाखवतेय. मॅडम म्हणाल्या दोन पावत्या आहेत हे वरच्यांना कळवावं लागेल. कळवा म्हटलं.