सवलतीतली कॉर्डलेस करवत: नुसती मशीन घ्यावी, की ‘४८ व्होल्ट’चा अख्खा सेट?

पाऊस उघडला की कलमांवरची बांडगुळं डोळ्यांत भरतात, आणि नेमके त्याच सुमारास दसरा-दिवाळीचे ऑनलाइन सेल लागतात. नावाजलेल्या कंपनीची १८ व्होल्टची रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढे-मागे हलवून कापणारी करवत) भरघोस सवलतीत दिसते. हात खिशाकडे जातो, तोवर खाली बारीक अक्षरांत वाचायला मिळतं: बॅटरी व चार्जर समाविष्ट नाहीत. तिच्या शेजारीच दोन बॅटऱ्या, चार्जर, चार पाती आणि प्लास्टिकची पेटी असा अख्खा सेट, त्याहूनही स्वस्त. वर ठळक छापलेलं ‘४८ व्होल्ट’.

माझं मत आधीच सांगतो. हिशोब बॅटरीपासून सुरू करा, करवतीची किंमत शेवटी बघा. मशीन नीट वापरली तर वर्षानुवर्षं चालते. बॅटरी आधी दम तोडते, आणि पुढची बॅटरी त्याच कंपनीची, त्याच मालिकेची घ्यावी लागते. कंपन्या मशीनवर सढळ हाताने सवलत देतात ती काही उगाच नाही.

घरात त्याच मालिकेचं ड्रिल किंवा ग्राइंडर आधीच असेल तर विचार कसला करायचा, नुसती मशीन घ्या. मात्र ‘कंपनी तीच’ एवढ्यावर जाऊ नका. मकिताच्या १२ व्होल्ट सीएक्सटी, १८ व्होल्ट एलएक्सटी आणि ४० व्होल्ट एक्सजीटी या तीन वेगळ्या मालिका. एकीची बॅटरी दुसरीत बसत नाही. बॉशची निळी प्रोफेशनल आणि हिरवी घरगुती, दोन्ही १८ व्होल्टच्या, तरी खाचा वेगळ्या. आणि डिवॉल्टवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलंय म्हणून ती मकिताच्या १८ पेक्षा जोरकस, असंही नाही. दोन्ही बॅटऱ्यांच्या आत पाचच सेल (टॉर्चच्या सेलसारख्या नळकांड्या) एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे वीस-एकवीस. कामाच्या वेळी सरासरी ३.६, म्हणजे अठरा. एक जण भरलेला आकडा छापतो, दुसरा चालता.

हाच हिशोब त्या ‘४८ व्होल्ट’ला लावून बघा. ४८ व्होल्टसाठी तेरा सेल ओळीने जोडावे लागतील. सेटमधली बॅटरी उघडली तर आत बहुधा पाच सापडतात, क्वचित दहा, तेही दोन-दोन शेजारी जोडून. म्हणजे ती सरळसरळ २१ व्होल्टची बॅटरी. बाजारात ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असेही आकडे दिसतात, त्यांचा व्होल्टशी काही संबंध नाही. विकणाऱ्याला विचारलं तर तो हसतो.

एएचचा (अॅम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा) आकडाही असाच तपासता येतो, त्यासाठी किराणा दुकानातला वजनकाटा पुरतो. खरी ५ एएचची बॅटरी एक तर ‘१८६५०’ मापाच्या दहा सेलची असते. असा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेचारशे. नाही तर ‘२१७००’ मापाच्या पाच जाड सेलची; तिथेही सेलच साडेतीनशे ग्रॅमच्या घरात जातात. वर प्लास्टिक, पट्ट्या आणि सर्किट. ‘५ एएच’ची बॅटरी काट्यावर साडेतीनशे ग्रॅमसुद्धा भरत नसेल तर ती ५ एएचची नाही. मोठ्या कंपन्यांच्या नावाने नकली बॅटऱ्याही सर्रास विकल्या जातात, तिथेही हाच काटा लावा.

हे एवढं ताणून सांगायचं कारण, करवत ही बॅटरी पिळून काढणारी मशीन आहे. ड्रिल एक भोक पाडून थांबतं, करवत लाकडात शिरली की सलग ओढत राहते. ती चारशे वॉट ओढते असं धरा. १८ व्होल्टला हे २२ अॅम्पिअर झाले. २ एएचच्या बॅटरीत पाच सेलची एकच रांग, तो सगळा भार प्रत्येक सेलमधून जातो. बॅटरी तापते, मशीन मंदावते. ५ एएचच्या दहा सेलच्या बॅटरीत दोन रांगा, भार अर्धा-अर्धा वाटला जातो. वेळ तर वाढतोच (१८ व्होल्टला २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर, ती साडेपाच मिनिटं पुरते; ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर, ती साडेतेरा), पण करवत कापतेही जोमाने. म्हणून ड्रिलसोबत आलेल्या २ एएचवर ही करवत चालवून ‘मशीनमध्ये दम नाही’ म्हणू नका. सलग साडेतेरा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण मनगटाएवढी आंब्याची फांदी सेकंदांचं काम आहे. बाकीचा वेळ शिडी सरकवण्यात जातो.

घरात काहीच नसेल तर नुसत्या मशीनची सवलत फसवी ठरू शकते. ५ एएचच्या दोन अस्सल बॅटऱ्या आणि चार्जर सुटे घेतले तर खर्च मशीनच्या वर जातो. अशा वेळी त्याच कंपनीचा ड्रिलचा सेट सेलमध्ये शोधा, ज्यात दोन मोठ्या बॅटऱ्या आहेत, आणि करवत नुसती घ्या. ड्रिल जवळजवळ फुकट पडतं. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या मशीनला लावणारे अडॅप्टर मिळतात, पण बऱ्याच अडॅप्टरमध्ये बॅटरी ठरावीक पातळीखाली गेल्यावर वीज तोडणारी सोय नसते. बॅटरी पार रिकामी होते आणि पुन्हा चार्जच घेत नाही.

मग स्वस्त सेट कोणी घ्यावा? ज्याला वर्षातून दोन-चार दिवस परसातली छाटणी करायची आहे आणि मशीन बिघडली तर सोडून द्यायची तयारी आहे, त्याने खुशाल घ्यावा. फक्त त्याची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. कौलारू घरात, वर सुकं लाकूड असताना तर नाहीच.

मशीनमशीनमधला फरक त्या मानाने थोडा. मकिताच्या डीजेआर १८६ चं पातं ३२ मिमी पुढे-मागे जातं, बॉशच्या जीएसए १८ व्ही-एलआयचं २८. एका हाताने धरायच्या छोट्या करवतींत हे अंतर बहुधा विसाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. शिडीवर त्या सोयीच्या, पण जाड फांदीला रडवतात. सवलतीत असतं ते मॉडेल बहुधा ब्रशवालं (मोटरला कार्बनच्या तुकड्यांतून वीज देणारं) असतं. त्याला नाकं मुरडू नका. कार्बन झिजले तर साधा मेकॅनिकही बदलून देतो; ब्रशलेसचं सर्किट गेलं तर मशीन सर्व्हिस सेंटरलाच पाठवावी लागते.

पात्यांचं एक बरं आहे, दांडी जवळपास सगळ्या कंपन्यांना सारखीच चालते. ओल्या फांदीला इंचाला पाच-सहा दातांचं लांब पातं घ्या. जुन्या घराचे वासे, रिपा उतरवायच्या असतील तर आत खिळे असणारच, तिथे दहा-चौदा दातांचं बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) पातं. गंजलेला जीआय पाइप किंवा बोल्ट असेल तर अठरा-चोवीस. मशीनचा बूट (पात्यापाशी असलेली टेकूची पट्टी) फांदीला घट्ट टेकवल्याशिवाय चालू करू नका, नाही तर पातं अडकून सगळा हिसका मनगटावर येतो. आधी खालून थोडं कापा, मग वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नेत नाही.

‘त्यापेक्षा बॅटरीवरची मिनी चेनसॉ का नको?’ असं विचारणारे भेटतील. नुसती ओली लाकडं कापायची असतील तर ती खरंच वेगवान आहे. पण तिला तेल लागतं, धार लागते, आणि वाशातल्या एका खिळ्याने चेन बाद होते. आडवा पडलेला माड किंवा फणसाचं खोड मात्र दोघींच्याही आवाक्यातलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रस्ते मोकळे करायला पेट्रोलवरच्या चेनसॉच लागल्या. पण दापोली-श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी पडवीवर आलेल्या फांद्या आणि पडलेले पत्रे कापायला भरून ठेवलेल्या दोन बॅटऱ्या कामाच्या. एरवी पावसाळ्यात बॅटरी अर्धी भरून, मशीनमधून काढून, घट्ट डब्यात ठेवा. समुद्राजवळ घर असेल तर टर्मिनलवर हिरवा थर चढलाय का ते अधूनमधून बघत जा.

ऑनलाइन घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. सुटी लिथियम बॅटरी २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही, आणि बरेच कुरियरवाले ती रस्त्यानेही घ्यायला कुरकुरतात. मशीन परत पाठवणं सोपं, बिघडलेली बॅटरी परत पाठवणं तापदायक. म्हणून मशीन सेलमध्ये घेतली तरी बॅटरी शक्यतो चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवलीतल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बिलावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या आणि तिची वॉरंटी किती महिन्यांची ते वेगळं विचारा. मशीनची आणि बॅटरीची मुदत बऱ्याचदा एक नसते.