काचेच्या भांड्यांसाठी सायट्रिक ॲसिड: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडचं पाणी जड. पेला धुऊन उपडा घातला की सुकल्यावर त्यावर पांढुरके ठिपके उमटतात आणि बघता बघता अख्खा पेला धुरकट होतो. साबण बदलून काही होत नाही, कारण तो मळ नसतोच. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार काचेला धरून बसतात. ते काढायला आम्लच लागतं. व्हिनेगरच्या वासाला कंटाळून मी सायट्रिक ॲसिडच्या पुडीकडे वळले, त्याला आता बरेच महिने झाले.

निकाल आधीच सांगते. क्षारांच्या डागांवर ही पूड उत्तम, पण बाकीच्या डागांवर तिचा जवळपास शून्य उपयोग.

माझं प्रमाण असं: लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पूड ढवळायची आणि पेले त्यात आडवे बुडवून ठेवायचे. थर जाड असेल तर लगेच काचेवर बारीक बुडबुडे धरतात, तो क्षारातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. वीसेक मिनिटांनी आतून बोट फिरवून बघायचं. आधी जिथे खरखर लागत होती तिथे बोट गुळगुळीत सरकतं, आणि धुतल्यावर काच करकरते. जगच्या तळाशी, कोपऱ्यात जिथे हात पोचत नाही, तिथलं वर्तुळ मात्र चिवट. त्यासाठी जग रात्रभर भरून ठेवते. पाणी उकळतं घ्यायचा मोह टाळा. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे काढलेला थर दुसऱ्या रूपात परत काचेवर बसू शकतो.

आता तक्रार, जी खरं तर पुडीची नाहीच. डिशवॉशरमध्ये वर्षानुवर्षं धुतलेले काही पेले कितीही भिजवले तरी तसेच राहिले. उजेडात तिरके धरले की त्यांच्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. ही काचच खाल्ली गेलेली असते. जास्त तापमान, अल्कधर्मी डिटर्जंट आणि फार मृदू पाणी एकत्र आलं की काचेचा पृष्ठभागच झिजतो. तो कायमचा, कुठलंही आम्ल तो भरून काढत नाही. म्हणून आधी धुरकट जागेवर पूड विरघळवलेल्या पाण्याचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. डाग निवळला तर पेला भिजत घाला, नाहीतर पुडी वाया घालवू नका. 'सगळे डाग जातात' असं पाकिटावर बिनधास्त छापणाऱ्यांनी हे एका ओळीत सांगायला काय हरकत आहे?

चहाच्या तपकिरी डागांना खाण्याचा सोडा बरा. सोडा आणि आम्ल एकत्र फसफसवण्याचा उपाय सगळीकडे फिरतो, तो बघायला छान. पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात बव्हंशी खारट पाणी उरतं. तेलकट काचेलाही आधी साबणच लागतो, तेलाखालच्या क्षारापर्यंत आम्ल पोचतच नाही.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे पाळा. क्लोरीन असलेलं ब्लीच आणि हे आम्ल कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि भिजवायचं पातेलं संगमरवरी ओट्यावर ठेवू नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे सांडलेला थेंबही चकाकी उडवतो. सोनेरी काठाचे पेले मी यात घालतच नाही.

या पुडीचा मला झालेला मोठा फायदा म्हणजे घासणं जवळजवळ थांबलं. तारेच्या घासणीने किंवा राखेतल्या वाळूच्या कणांनी काचेवर बारीक ओरखडे पडतात, आणि एक दिवस गरम पाणी ओतताना तडा नेमका तिथूनच जातो. तापल्यावर साध्या काचेचं प्रसरण बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या खास काचेच्या, जवळपास तिप्पट, म्हणून ती तापमानाचा झटका कमी सोसते. पण ओरखडे पडलेल्या बोरोसिलिकेटचाही भरवसा धरू नये. अरुंद तोंडाच्या बाटलीत मी या पाण्याबरोबर मूठभर कच्चे तांदूळ टाकून हलवते. तांदूळ काचेपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही.

शेवटी साध्या पाण्याने खळबळून लगेच कोरड्या कापडाने पुसायचं. हे टाळलं तर त्याच जड पाण्याचे ठिपके तासाभरात हजर. कापड फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेलं नको, त्याचा पातळ थर काचेवर येतो.

पुडी हवेतला ओलावा पटकन धरते. दमट दिवसांत माझ्या मोठ्या पाकिटाचा दगड झाला होता, तो फोडून फोडून वापरला. आता लहान पाकीट घेते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, चमचा न ठेवता, साखरेपासून लांब ठेवते. दिसायला दोन्ही अगदी सारखी.