गृहचौकशीची नोंद: कागद, कोबो की प्रायमेरो?

संरक्षणाची गरज असलेल्या मुलाच्या घरी जाऊन केलेली चौकशी कुठे नोंदवावी: कागदावर, कोबो या फोनवर फॉर्म भरायच्या साधनात, की प्रायमेरो या केस सांभाळायच्या संगणक प्रणालीत? पहिल्या गृहभेटीची नोंद तिन्हींत नीट होते. खरी परीक्षा दुसऱ्या भेटीला. मागच्या वेळी घरी नसलेला बाप आता समोर बसलाय, मुलीची शाळा सुटलीय आणि मधल्या काळात कार्यकर्तीही बदललीय. आधीची नोंद तिला त्या दारातच वाचता येईल का, हे बघून साधन निवडावं.

कागदाला अजून तोड नाही, कारण अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे शेवटी सहीचा अहवाल ठेवायचा असतो. केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांत त्यासाठी नमुना २२ आहे, आणि बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ३६प्रमाणे सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी व्हायला हवी. कागदाचा घात होतो तो फोटोमुळे. घाईत पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, की मुलाचं नाव-गाव दहा फोनांत जातं. ओळख उघड करायला मनाई करणारं कलम ७४ सगळ्यांना पाठ असतं, तरी हे होतं. म्हणून नाव-पत्त्याचं पान वेगळं, कपाटात कुलपात. बाकी पानांवर फक्त केस क्रमांक. एका कार्यकर्तीकडे वीस-पंचवीस मुलं असतील तर एवढं पुरतं. शिवाय पुढच्या भेटींच्या तारखांची एक वही ठेवा.

कोबो अँड्रॉइड फोनवर रेंज नसतानाही चालतं आणि फॉर्म एक्सेलमध्ये बनवता येतो. मात्र ते मुळात सर्वेक्षणाचं साधन आहे. प्रत्येक भेट म्हणजे सुटी नोंद. तीन भेटी एकाच मुलाच्या आहेत हे त्याला आपण सांगावं लागतं. केस क्रमांक हाताने टाइप करायला लावला की एक आकडा चुकतो आणि एका मुलाची दोन मुलं होतात. क्रमांक यादीतून निवडायला द्या. जुनी माहिती फॉर्ममध्ये खेचून आणता येते, पण फॉर्म एन्क्रिप्ट केला, म्हणजे नोंदी सांकेतिक कुलपात टाकल्या, तर नोंदी सर्व्हरलाच वाचता येत नाहीत, मग ही जोडणी बंद. शिवाय प्रायव्हेट की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, हरवली तर सगळा डेटा गेला. ती दोन ठिकाणी, दोन माणसांकडे ठेवा.

आणखी एक खोड. ‘मारहाण होते का?’ला आधी ‘हो’ म्हणून खालचे पाच प्रश्न भरले आणि नंतर ते ‘नाही’ केलं, तर फॉर्म अंतिम करताना ती पाच उत्तरं पुसली जातात. मुळात या प्रश्नाला दोनच पर्याय ठेवणं चूक. सासू शेजारी उभी असताना सून काय सांगणार? कार्यकर्ती ‘नाही’वर टिचकी मारते आणि कार्यालयात ते घर सुरक्षित ठरतं. ‘विचारता आलं नाही’ हा तिसरा पर्याय हवाच, त्याखाली कारण. ‘स्वतः पाहिलं’ आणि ‘कुणी सांगितलं’ हे रकानेही वेगळे ठेवा.

उत्तरांना गुण देऊन कोबोतच बेरीज लावावी, असा मोह होतो. लावू नका. अशा बेरजेत गळकं छप्पर आणि पाठीवरचे वळ एकाच मापाने मोजले जातात. अमेरिकेत पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी काउंटीत २०१६पासून १ ते २० गुण देणारी यंत्रणा वापरात आली, पण ती सरकारी नोंदींच्या मोठ्या साठ्यावर उभी आहे आणि तक्रारीचा फोन आल्यावर चौकशीला जायचं का, एवढ्यापुरतीच. त्यावरही वाद आहेतच. गृहभेटीत ‘आज रात्री मूल इथे ठेवता येईल का, आणि कशावरून?’ हा प्रश्न शब्दांतच लिहावा.

युनिसेफच्या पुढाकाराने बनलेलं प्रायमेरो मुलाभोवतीच रचलंय. एक मूल, एक केस, तिच्याखाली भेटी, योजना, पर्यवेक्षकाची मंजुरी, दुसऱ्या संस्थेकडे पाठवणी. कुणी काय पाहायचं हे भूमिकेनुसार ठरतं. कार्यकर्ती बदलली की केस नव्या व्यक्तीच्या नावे करता येते. कोड खुला आहे, म्हणून फुकट समजू नका: सर्व्हर, बॅकअप, मराठी फॉर्मची मांडणी आणि पासवर्ड विसरणाऱ्यांना सांभाळणारा माणूस, हे सगळं कायमचं लागतं. तो माणूस पगारावर नसेल तर या वाटेला जाऊ नये.

अनेक संस्थांमध्ये केस फिरत असेल तर प्रायमेरो. एकदाच गावोगाव पाहणी करायची असेल तर कोबो. ठरवण्याआधी एक काल्पनिक मूल घ्या, त्याच्या तीन भेटी भरा आणि तिसरी भेट पहिल्या दोन न केलेल्या कार्यकर्तीला भरायला द्या, फोन फ्लाइट मोडवर ठेवून.